आण्णांचा खोकला आणि रंग बदलणारी पट्टी

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझ्या सासऱ्यांना आम्ही आण्णा म्हणतो. वय ६४, द्राक्षबाग आहे. मिसरूड फुटल्यापासून बिडी, रोजचं एक बंडल तरी होतंच. तीन महिन्यांपासून खोकला आहे. गेल्या महिन्यात दोनदा बेडक्यात रक्ताची रेघ दिसली. जेवण कमी झालंय, विजार कमरेवर राहत नाही. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजव्या बाजूला वरच्या अंगाला डाग आहे म्हणाले. टीबी असेल, गोळ्या सुरू करू म्हणतात. थुंकी अजून तपासलेली नाही. त्यांनीच सीटी स्कॅनही सुचवलाय, पण आण्णा ऐकत नाहीत. "मशीनमध्ये घातलं की काहीतरी काढतातच," असं त्यांचं म्हणणं. आता माझ्या मिस्टरांच्या ओळखीतला एक जण फुप्फुसाच्या कॅन्सरची पट्टी विकतोय. पट्टीवर जोरात फुंकर मारायची, रंग बदलला तर कॅन्सर आहे, नाही बदलला तर नाही. किंमत ४,५०० रुपये. त्याने व्हिडिओ पाठवलाय. त्यात परदेशातले शास्त्रज्ञ औषध हुंगायला देतात आणि मग लघवीच्या पट्टीवर रेघ उमटते, असं दाखवलंय. आण्णा म्हणतात, पट्टी करतो, रंग बदलला तर मिरजेला येतो. घ्यावी का?

उत्तर

पट्टी घेऊ नका. आण्णांना याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा, मिरजेला न्या नाहीतर सांगलीच्या सिव्हिलला. तुम्हाला घाई असेल तर एवढं वाचून उठलात तरी चालेल. पण घरात मिस्टर व्हिडिओ दाखवणार, आण्णा पट्टीवर अडून बसणार आणि सून म्हणून तुमचं बोलणं उडवून लावलं जाणार, हे मला दिसतंय. म्हणून हाताशी असावं इतकं सगळं लिहिते.

आधी त्या व्हिडिओबद्दल. तुम्ही नीट पाहून लिहिलंत, पण त्यातली मेख तुमच्या लक्षात आली नाही. व्हिडिओत औषध हुंगून लघवी तपासतायत आणि तुम्हाला विकायला आणलेली पट्टी फुंकायची आहे. व्हिडिओ एका गोष्टीचा आणि माल दुसराच. मिस्टरांना एवढंच विचारा की व्हिडिओत फुंकर कुठे मारलीय ते दाखवा.

व्हिडिओतलं संशोधन मात्र खरं असावं. तुमच्या वर्णनावरून ते अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या डॉ. संगीता भाटिया यांच्या गटाचं वाटतं, जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं. कल्पना सुरेख आहे. कॅन्सरची गाठ वाढताना आजूबाजूच्या पेशींमधलं जाळं कापत पुढे सरकते आणि त्यासाठी प्रोटीएज नावाची विकरं (एन्झाइम) वापरते. या मंडळींनी अतिसूक्ष्म कण बनवले आणि त्यांना डीएनएचे छोटे तुकडे अशा धाग्याने बांधले, की तो धागा ही विकरं कापू शकतील. कण वाफेतून किंवा इनहेलरमधून फुप्फुसात सोडायचे. गाठ असेल तर धागे तुटतात, डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात, मूत्रपिंडातून लघवीत येतात आणि कागदी पट्टीवर वीसएक मिनिटांत दिसतात. गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी असते, साधारण तशीच ही पट्टी. त्यांनी वीस प्रकारचे कण करून पाहिले, त्यातल्या चारांच्या जोडणीने काम भागतं असं दिसलं. माणसात पहिला-दुसरा टप्पा म्हणावा इतक्या लवकरच्या गाठी त्यांना त्यात सापडल्या.

पण सापडल्या त्या उंदरांत. याच गटाने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजबरोबर २०१९ साली सोन्याचे कण वापरून आणखी एक चाचणी केली होती. त्यात आतड्याचा कॅन्सर असलेल्या उंदरांच्या लघवीत रसायन घातलं की ती निळी होई. तेही उंदीरच. उंदरांवर जमलेली गोष्ट माणसांवर तपासायची, मग हजारो माणसांवर, मग परवाना, मग दुकान. ही वाट वर्षानुवर्षांची असते आणि निम्म्याहून अधिक कल्पना वाटेतच गळतात. तासगावच्या ओळखीतल्या माणसाकडे ती पट्टी एमआयटीच्या आधी पोचली असेल, असं मानायला मी तयार नाही.

आता फुंकायच्या पट्टीचं. त्या बाजूनेही काम झालंय आणि ते जुनं आहे. आपल्या उच्छ्वासात शेकडो वायुरूप रसायनं अगदी अल्प प्रमाणात असतात. कॅन्सरच्या पेशींची खाण्या-जगण्याची रीत वेगळी, त्यामुळे हे मिश्रण किंचित बदलतं. क्लीव्हलंड क्लिनिकमधले डॉ. पीटर मॅझोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १४३ जणांचा श्वास त्यांनी रसायनांचे ३६ रंगीत ठिपके असलेल्या पट्टीवरून सोडला होता. कुठला ठिपका किती बदलला हे डोळ्यांनी पाहायचं नव्हतं. सगळ्या ठिपक्यांचा मिळून होणारा नमुना संगणक वाचत होता. निकाल असा, की कॅन्सर असलेल्या शंभरांतले सुमारे ७३ ओळखू आले आणि कॅन्सर नसलेल्या शंभरांतल्या सुमारे ७२ जणांना तो नाही, हे बरोबर कळलं.

ऐकायला बरं वाटतं. आता जरा हिशेब करू. समजा, तुमच्या भागातल्या पन्नाशी ओलांडलेल्या हजार बिडीवाल्यांना ही पट्टी फुंकायला दिली आणि त्यातल्या दहांना खरोखर कॅन्सर आहे. पट्टी सात जणांना पकडेल, तिघं "काही नाही" म्हणून खुशीत घरी जातील. उरलेल्या ९९० निरोगी माणसांतल्या सुमारे २७० जणांचाही रंग बदलेल. म्हणजे रंग बदललेले पावणेतीनशेच्या वर आणि त्यात खरे सात. बाकीच्यांच्या घरात तोवर रडारड. आणि हा हिशेब प्रयोगशाळेतल्या, संगणकाने वाचलेल्या पट्टीचा आहे. तुमच्याकडे आलेल्या पट्टीचा हिशेब कोणी मांडलाच नसणार.

रंग असा का फसवतो? तुम्ही हळदीच्या मुलखातल्या, तुम्हाला हे पटकन कळेल. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की डाग लाल होतो. चुना लागला तरी लाल, सोडा लागला तरी लाल. नुसता लाल डाग पाहून तो साबणाने झाला की चुन्याने, हे कोणी सांगू शकत नाही. रंगाच्या चाचणीची खरी गोम तीच आहे. बिडी ओढणाऱ्याचा श्वास वेगळा, दमेकऱ्याचा वेगळा, आत्ताच काय खाल्लं त्यावरूनही वेगळा. आणि आपल्याकडे वर टीबी. लघवीच्या पट्टीलाही तोच अडसर, कारण क्षयातही फुप्फुसाचं जाळं कापणारी विकरं वाढतात, त्यातूनच तर फुप्फुसाला पोकळ्या पडतात. कॅन्सरचा कात्रीवाला आणि टीबीचा कात्रीवाला ओळखू येईल की नाही, हे उंदरांवरून ठरणार नाही. असली पट्टी उद्या बाजारात आलीच तर आधी इथल्या, टीबी होऊन गेलेल्या, चुलीचा धूर खाल्लेल्या छात्यांवर ती तपासावी लागेल.

हे झालं विज्ञानाचं. आण्णांच्या बाबतीत मात्र यातलं काहीच लागू नाही आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. असल्या चाचण्या ज्यांना काहीही त्रास नाही अशा माणसांतून संशयित वेगळे काढण्यासाठी असतात. आण्णांना तीन महिन्यांचा खोकला आहे, रक्त पडलंय, वजन उतरलंय, एक्स-रेवर डाग आहे. ते केव्हाच संशयितांच्या रांगेत उभे आहेत. आता पट्टीचा रंग बदलला तर सीटी करावा लागेल. नाही बदलला तरी सीटी करावाच लागेल, कारण रक्त आणि डाग पट्टीने पुसले जात नाहीत. दोन्हीकडून सीटीच निघत असेल तर मध्ये ४,५०० रुपये कशासाठी? आणि खरा धोका न बदललेल्या रंगाचा आहे. आण्णा आनंदाने बागेत जातील, खरड छाटणी आटपेपर्यंत कोणाचं ऐकणार नाहीत आणि गाठ असलीच तर ती छाटणीसाठी थांबणार नाही.

टीबीच्या गोळ्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी बोलणार. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, सीटी सुचवला, हे चांगलं केलं. आपल्या भागात छातीतला डाग म्हणजे टीबी, हे लोकांच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलंय. वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमच्या, म्हणजे क्षयरुग्णालयाच्या, गोष्टी ऐकत वाढलेली माणसं अजून आहेत. आणि बहुतेक वेळा तो टीबीच निघतो. पण थुंकी न तपासता नुसत्या डागावर सहा महिन्यांचे उपचार सुरू करणं योग्य नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत, की ज्यांनी टीबीच्या गोळ्या निमूटपणे घेतल्या, "अजून गुण येईना, पण कोर्स पुरा करू" म्हणत राहिले आणि शेवटी बायोप्सीत कॅन्सर निघाला. तेव्हा ऑपरेशनची वेळ टळून गेलेली होती.

म्हणून पहिलं काम थुंकीचं. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला बेडका लागतो. तोंडातली लाळ चालत नाही. निम्म्या डब्या लाळेच्याच येतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून परत जातात. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट किंवा तसली जनुकीय तपासणी फुकट होते. टीबीचे जंतू सापडले तर उत्तम. हो, उत्तमच म्हणते, कारण टीबी बरा होतो आणि औषधंही फुकट मिळतात. तरीही या वयात, इतक्या बिड्यांनंतर, डाग गोळ्यांनी विरघळतोय ना हे पाहावं लागतं. कधी कधी टीबी आणि कॅन्सर एकाच छातीत नांदतात.

थुंकीबरोबरच सीटी. एक्स-रेत बरगडीआड, गळ्याच्या हाडाआड, हृदयामागे लहान गाठ दडून राहते. सीटीत तिचा आकार, कडा, आजूबाजूच्या ग्रंथी दिसतात. सीटी आधी आणि मग तुकडा काढायला दुर्बीण घालायची की बाहेरून सुई, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात.

जाताना जुने एक्स-रे न्या. हे विसरू नका. पाच-सहा वर्षांपूर्वी न्यूमोनिया म्हणून, हर्नियाच्या ऑपरेशनआधी म्हणून, कशासाठी तरी काढलेली फिल्म माळ्यावर, कपाटामागे, कुठल्यातरी पिवळ्या पिशवीत असतेच. तोच डाग तेव्हाही तसाच आणि तेवढाच असेल तर तो बहुधा जुना वण, अर्धी काळजी तिथेच मिटते. तेव्हा नव्हता आणि आता आहे, तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांना दहा हजारांच्या तपासणीइतकी मदत कधी कधी या फुकटच्या फिल्मने होते. सोबत एका कागदावर लिहून ठेवा : खोकला कधीपासून, रक्त कधी, वजन किती उतरलं, बिडी किती वर्षं, मधुमेह-रक्तदाबाच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. आण्णा तिथे "काही विशेष नाही" म्हणतील. बहुतेक आण्णा तसंच म्हणतात.

घरच्या घरी एक गोष्ट पाहता येते. आण्णांना दोन्ही हातांची तर्जनी नखाला नख लावून, पाठीला पाठ अशी धरायला सांगा आणि उजेडासमोर पाहा. एरवी नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसते. ती दिसत नसेल, नखं फुगीर झाली असतील, बोटांची टोकं गोटीसारखी झाली असतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. फुप्फुसाच्या काही आजारांत असं होतं, त्यात कॅन्सरही आहे. फट दिसली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, पुष्कळ कॅन्सर रुग्णांची नखं शेवटपर्यंत चांगली असतात. नाहीतर पट्टीऐवजी तुम्ही नखावर अडून बसाल.

पुढे बायोप्सीचं नाव निघालं की घरात हमखास एक आवाज उठतो : "सुई लावू नका, हात लावला की पेटतो." आण्णा नाही म्हणाले तर कुणी मावसभाऊ म्हणेल. सुईच्या वाटेवर पेशी सांडून गाठ पसरणं हे फार विरळ आहे. सुईचा खरा त्रास वेगळा, क्वचित फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरते. त्यासाठीच नंतर काही तास थांबवून घेतात आणि त्यावर इलाज असतो. सुई लावल्यावर पेटला असं लोकांना वाटतं, कारण आपल्याकडे सुई लागते तेव्हा आजार आधीच पसरलेला असतो. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर कुठल्या जातीचा हे कळत नाही आणि आता औषधं जातीवर ठरतात. काहींना रोज एक गोळी पुरते, काहींना केमो लागते, लवकर सापडला तर नुसत्या ऑपरेशनवरही भागतं.

पैशांचं. ४,५०० रुपये पट्टीसाठी बाजूला काढले होते ना, ते सीटीला लावा. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) यांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, मग बिलाच्या खिडकीकडे. हा क्रम उलटा झाला की लोक सोनं मोडून बसतात.

आता आण्णांना तयार कसं करायचं. "मशीनमध्ये घातलं की काहीतरी काढतातच" हे त्यांचं बोलणं भीतीचं आहे. त्यावर वाद घालू नका. डागाचं नाव अजून कोणालाच माहीत नाही, टीबी आहे की आणखी काही ते पक्कं करायला निघालोय, असं सांगा. ते खरंही आहे. "टीबी असला तर नातवंडांना लागेल" हे वाक्य बागायतदार आजोबांवर माझ्या अनुभवात चांगलं चालतं आणि त्यात खोटं काही नाही. सोबत मिस्टरांना पाठवा, तुम्हीही जा. फक्त डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याआधी "आण्णांना काही सांगू नका हं" अशी कुजबुज करू नका. आमच्याकडे दारातच ही कुजबुज सुरू होते. छाती त्यांची आहे, बिडी त्यांनी ओढलीय, तपासण्या त्यांच्यावर होणार. माणसाला कळतंच, आणि घरच्यांनी लपवलं हेही कळतं.

खोकल्यातून रक्ताची रेघ जाऊन पाव वाटी रक्त आलं, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर आठवड्याची वाट पाहू नका, त्याच रात्री १०८ ला फोन करून न्या.

विकणाऱ्याचं थोडक्यात. रोगनिदानाच्या किटला आपल्याकडे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवाना लागतो आणि तो क्रमांक वेष्टनावर असतो. त्याला खोका दाखवायला सांगा. क्रमांक नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या सांगलीच्या कार्यालयात तक्रार करता येते. कॅन्सर ओळखण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यातही बंदी आहे. ओळखीतला माणूस म्हणून तुम्ही तक्रार करणार नाही, हे मी धरून चालते. निदान शेजारच्या घरात तो गेला तर आवाज द्या.

शेवटी ता. क. मध्ये तुम्ही मिस्टरांचं विचारलंय : वय ४१, साखर कारखान्यात पाळी, दिवसाला सात-आठ सिगारेट, त्रास काही नाही, त्यांची काही तपासणी करावी का. त्रास नसलेल्यांसाठी आजघडीला एकच तपासणी मोठ्या अभ्यासात टिकलीय, ती म्हणजे कमी किरणांचा सीटी. अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांवर तिची चाचणी झाली, २०११ साली निकाल आला. दरवर्षी एक्स-रे काढलेल्यांपेक्षा सीटी केलेल्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू वीस टक्के कमी होते. पण ते सगळे ५५ ते ७४ वयाचे आणि तीस वर्षं रोज पाकीटभर ओढणाऱ्यांच्या तोडीचे होते. शिवाय सीटीत काहीतरी दिसलेल्या दर शंभरांतल्या ९६ जणांना कॅन्सर नव्हताच. टीबीचे वण घेऊन फिरणाऱ्या आपल्या लोकांत हा गोंधळ आणखी वाढणार. मिस्टरांच्या वयाला ती करू नका. "फुल बॉडी चेकअप"मध्ये रक्तातला सीईए (कॅन्सरची खूण म्हणून मोजलं जाणारं एक प्रथिन) तपासून देतात, तोही नको. तो नुसत्या सिगारेटनेही वाढतो आणि मग महिनाभर झोप उडते. त्यांना १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फुकट नंबर द्या आणि आण्णांबरोबर मिरजेला जातील तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडूनच निकोटिनच्या गोळ्यांचं विचारून घ्यायला सांगा. पाळीच्या वेळी पहिली सिगारेट कोण पेटवतो, त्या मित्रालाही सोबत घेतलं तर जास्त दिवस टिकतं.